डेटाबेसच्या किल्ल्या आणि सर्टिफिकेट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हरवर टीडीई (डिस्कवरचा डेटा आपोआप एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू आहे आणि रोज पूर्ण बॅकअप होतो. तोच बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करायला घेतला, तर ३३१११ क्रमांकाची एरर येते, सर्टिफिकेट सापडत नाही म्हणते. बॅकअप खराब झालाय का?

बॅकअप शाबूत आहे, त्याची किल्ली नव्या सर्व्हरवर नाही. टीडीईत डेटा ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होतो ती डीईके (डेटाबेस एन्क्रिप्शन की) डेटाबेसमध्येच राहते आणि बॅकअपमध्येही जाते, पण तिला कुलूप असतं मास्टर (सर्व्हरची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या) डेटाबेसमधल्या सर्टिफिकेटचं. त्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की मास्टर डेटाबेसच्या डेटाबेस मास्टर कीने आणि ती सर्व्हिस मास्टर कीने सुरक्षित केलेली असते. तुमच्या रोजच्या बॅकअपमध्ये या साखळीतली फक्त शेवटची कडी येते.

जुना सर्व्हर चालू असेल तर आजच ‘बॅकअप सर्टिफिकेट’ चालवा, आणि त्यात ‘विथ प्रायव्हेट की’ हा भाग घालाच. तो नसला तरी कमांड बिनबोभाट यशस्वी होते, फक्त फाइलमध्ये सार्वजनिक भागच उतरतो आणि त्याने काहीही उघडत नाही. मग नव्या सर्व्हरच्या मास्टरमध्ये डेटाबेस मास्टर की नसेल तर तयार करा, दोन्ही फाइली (सर्टिफिकेटची आणि प्रायव्हेट कीची) आणि पासवर्ड देऊन ‘क्रिएट सर्टिफिकेट’ करा, त्यानंतर रिस्टोअर. सर्टिफिकेटचं नाव वेगळं ठेवलं तरी चालतं, जुळायला हवा तो थंबप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटची स्वतःची ओळखखूण. म्हणूनच त्याच नावाचं नवं सर्टिफिकेट बनवण्याचा काही उपयोग नाही.

जुना सर्व्हर गेला असेल, तर त्याच्या मास्टर डेटाबेसचा बॅकअप आणि डेटाबेस मास्टर कीचा पासवर्ड शोधा. त्याच आवृत्तीच्या वेगळ्या इन्स्टन्सवर मास्टर रिस्टोअर करून, ती की पासवर्डने उघडून सर्टिफिकेट बाहेर काढता येतं. यातलं काहीच नसेल, तर तो डेटा परत मिळणार नाही. कोणी मिळवून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: सर्टिफिकेटचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट रोज रात्री लावली आहे. शेड्यूलर ‘यशस्वी’ दाखवतो, पण फोल्डरमध्ये नवी फाइल दिसत नाही.

बहुधा एसक्यूएलसीएमडीला (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘-बी’ हा स्विच (लहान अक्षरातला) दिलेला नाही. तो नसेल तर आतली एसक्यूएल कमांड फसली तरी प्रोग्राम शून्य एक्झिट कोड देऊन बाहेर पडतो, आणि शेड्यूलर तेवढंच बघतो. लिनक्सवर आणखी एक खाच आहे. लॉगसाठी आउटपुट पाइपने ‘टी’ (tee, आउटपुट फाइलमध्येही उतरवणाऱ्या) कमांडकडे पाठवलं, की एक्झिट कोड ‘टी’चा मिळतो, एसक्यूएलसीएमडीचा नाही. बॅश स्क्रिप्टच्या वरच ‘सेट -ओ पाइपफेल’ हवं.

मूळ कमांड का फसते, त्याची नेहमीची कारणं दोन. एक म्हणजे ही कमांड फाइल ओव्हरराइट करत नाही. कालच्या नावाची फाइल तिथे असली की आज एरर. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. दुसरं, फाइल लिहितं ते एसक्यूएल सर्व्हरचं सर्व्हिस अकाउंट, आणि तेही सर्व्हरच्या डिस्कवर. तुम्ही स्क्रिप्ट कुठल्या मशीनवरून आणि कुठल्या लॉगिनने चालवता याचा त्याच्याशी संबंध नाही. फोल्डरची परवानगी त्या सर्व्हिस अकाउंटला द्या.

कमांड संपल्यावर स्क्रिप्टने स्वतः तपासावं: दोन्ही फाइली आहेत का, रिकाम्या नाहीत ना, आणि ‘सिस.सर्टिफिकेट्स’मध्ये प्रायव्हेट कीच्या शेवटच्या बॅकअपची तारीख पुढे सरकली का. महिन्यातून एकदा टेस्ट इन्स्टन्सवर याच फाइलींतून सर्टिफिकेट उभं करून एक डेटाबेस रिस्टोअर करा. फाइल आहे म्हणजे पासवर्डही बरोबर नोंदवलाय, असं नसतं.

आणि पासवर्ड कमांड लाइनवर लिहू नका, तो प्रोसेसच्या यादीत आणि शेलच्या हिस्टरीत दिसतो. विंडोजवर विंडोज लॉगिन वापरा. इतरत्र एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्या. एसक्यूएलसीएमडी ते स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलसाठीही वाचतो, त्यामुळे प्रायव्हेट कीचा पासवर्डसुद्धा फाइलबाहेर ठेवता येतो. फक्त इनपुट लॉगमध्ये छापणारा ‘-ई’ (लहान) तेव्हा लावू नका.

प्रश्न: टीडीईच्या सर्टिफिकेटची मुदत गेल्या आठवड्यात संपली. डेटाबेस बंद पडेल का?

नाही. मुदत न सांगता सर्टिफिकेट बनवलं तर ती एक वर्षाची धरली जाते, पण टीडीई ती तारीख बघून थांबत नाही. बदल मात्र शांतपणे करून टाका. नवं सर्टिफिकेट तयार करा, आधी त्याचा बॅकअप घ्या, मग डीईकेला नव्या सर्टिफिकेटचं कुलूप लावा. हे क्षणात होतं, कारण डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही. ‘रीजनरेट’ ही वेगळी गोष्ट. त्यात डीईकेच बदलते आणि सगळा डेटाबेस पुन्हा स्कॅन होतो, म्हणून ते कमी लोडच्या वेळीच करा. ऑलवेज ऑन (डेटाबेसच्या प्रती इतर सर्व्हरवर चालू ठेवणारी सोय) असेल तर नवं सर्टिफिकेट आधी प्रत्येक सेकंडरीवर, म्हणजे प्रतीच्या सर्व्हरवर, पोचवा, नाहीतर तिथलं सिंक अडकेल.

जुनं सर्टिफिकेट ड्रॉप करू नका. त्याच्या काळातला शेवटचा फुल किंवा लॉग बॅकअप जिवंत आहे तोवर ते लागणारच.

प्रश्न: पोस्टग्रेसमध्ये टीएलएस (क्लायंट आणि सर्व्हरमधली जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या) सर्टिफिकेटची फाइल बदलली, तरी क्लायंटला जुनंच दिसतं. रीस्टार्ट करावाच लागतो का?

आवृत्ती १० पासून रीलोड (सर्व्हर न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरतो. पण रीलोडच्या वेळी नव्या फाइली पटल्या नाहीत, तर पोस्टग्रेस लॉगमध्ये नोंद करून जुन्यावरच चालत राहतो. धोका पुढे आहे: पुढच्या रीस्टार्टला त्याच फाइलींवर सर्व्हर उठतच नाही. त्यामुळे लॉग आत्ताच बघा. प्रायव्हेट कीच्या फाइलची मालकी डेटाबेस युजरची असेल तर परवानगी ०६००, रूटची असेल तर ०६४० पर्यंतच चालते. सर्टिफिकेट आणि की एकाच जोडीतले आहेत का, हे ओपनएसएसएल या टूलने दोन्हींतून पब्लिक की काढून तुलना केल्यावर कळतं. मॉड्युलस ताडून बघण्याची जुनी पद्धत फक्त आरएसए प्रकारच्या कीला चालते.

रीलोडनंतर ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ने, ‘स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस’ देऊन, चालू पोर्टवरचं सर्टिफिकेट बघा (ओपनएसएसएल १.१.१ किंवा पुढचं हवं). डिस्कवरची फाइल तपासून समाधान मानू नका. पूलमधली आधीची कनेक्शन तुटेपर्यंत जुन्यावरच राहतील, ते ठीक आहे.

प्रश्न: मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी इशारा देणारी स्क्रिप्ट पुरेशी आहे का?

अंतर्गत सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेच्या) वर्षभराच्या सर्टिफिकेटला पुरते: ओपनएसएसएलच्या ‘चेकएंड’ला २५९२००० सेकंद द्या, तेवढ्यात मुदत संपणार असेल तर एक्झिट कोड १ येतो. सार्वजनिक सीएच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत मात्र १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरली आहे. ४७ दिवसांतले ३० दिवस इशारा वाजत राहिला, तर तो कोणी बघणार नाही. मर्यादा एकूण मुदतीच्या एक तृतीयांश ठेवा आणि नूतनीकरण स्क्रिप्टकडेच सोपवा.

प्रश्न: प्रायव्हेट कीची फाइल डेटाबेस बॅकअपच्याच शेअरवर ठेवली तर चालेल?

नको. ज्याच्या हाती तो शेअर लागेल त्याला कुलूप आणि किल्ली एकत्र मिळतील, मध्ये फक्त पासवर्ड उरेल. फाइल एका व्हॉल्टमध्ये, पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही किमान दोन जणांना काढता येतील असे ठेवा.