गरिबीतलं समाधान मी जवळून बघितलंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत 18 लाखांचं पॅकेज, फ्लॅट, गाडी, तरी समाधान नाही. अंबाजोगाईकडचा चुलतभाऊ दोन एकरांत सुखी दिसतो. एका ठरावीक रकमेपुढं पैशानं सुख वाढत नाही, असा अभ्यासही तुम्ही वाचलाय. म्हणजे पैशानं सुख मिळत नाही हेच खरं ना, आणि नोकरी सोडून गावी जावं का?

गावी जाण्याचं शेवटी बघू. पहिलं मात्र साफ खोटं आहे, आणि ते वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत माझ्या मायचं नाव कधीच नव्हतं. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावापुढं 'एक कोयता' एवढंच लिहिलेलं असायचं. दसऱ्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे, दिवाळीच्या आगंमागं कोल्हापूर-सांगलीकडं जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाचटाच्या कोपीत राहायचं. पहाटे तीनला उठून भाकरी, उजाडायच्या आत फडात. आजारपणात एखादा दिवस चुकला की खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढायचा.

2006 मध्ये मायचं पोट दुखायला लागलं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढा नाहीतर कॅन्सर होईल. ती तेव्हा एकतीस वर्षांची. बावीस हजार लागणार होते. आण्णा आधी तात्यांकडं गेले, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याकडं. वाटणीत विहिरीची जमीन तात्यांकडं गेली होती, आम्हाला बरड. मी अकरा वर्षांचा, आण्णांच्या मागं उभा होतो. तात्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "देवानं ज्याला जेवढं दिलं त्यात समाधान मानावं रे. वर जाताना काय सोबत न्यायचंय?" पैसे दिले नाहीत. मग आण्णांनी मुकादमाकडून वाढीव उचल घेतली आणि ऑपरेशननंतर दीड महिन्यात माय मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. पुढचे दोन हंगाम त्या बावीस हजारांत गेले.

ही एकट्या मायची गोष्ट नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. त्या समाधानी होत्या का, हे कुणी विचारलं असतं तर बहुतेकींनी "बरं चाललंय" असंच सांगितलं असतं. पाहुण्याला दुसरं काय सांगतात?

मला 2018 मध्ये क्लार्कची नोकरी लागली. पुढच्या दसऱ्याच्या आत राहिलेली सगळी उचल, चौसष्ट हजार, मी मुकादमाला मोजून दिली. तो वही मिटवता मिटवता म्हणाला, "औंदा किती देऊ?" आण्णांनी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "औंदा नाई यायचं आम्हाला." आवाज चढवला नाही, काही नाही. मुकादम चहा पिऊन गेला. त्या वर्षी दिवाळीच्या पहाटे तीनला उठून तिनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आज कुठं जायचं नाही. परत येऊन झोपली ती उजाडेपर्यंत उठली नाही. चौसष्ट हजारांत एवढं सुख मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

तुम्ही त्या ठरावीक रकमेच्या अभ्यासाचं लिहिलंय. तो कानेमन आणि डीटन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांचा 2010 चा, वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढं रोजचं सुख वाढत नाही असं सांगणारा. पण कानेमन यांनीच 2023 मध्ये किलिंग्जवर्थ या दुसऱ्या संशोधकाबरोबर ते पुन्हा तपासलं. त्यात बहुतेकांचं सुख त्याच्या पुढंही वाढत जातं असं निघालं. थांबतं ते फक्त सगळ्यात दुःखी असलेल्या गटाचं. तुम्ही कदाचित त्या गटात असाल, तर तुमचं दुखणं पगारापेक्षा वेगळं आहे. त्याला गाव हा इलाज आहे का, मला वाटत नाही.

तात्या अजून प्रत्येक लग्नात म्हणतात, "तुमची माय कोपीत सुखी होती, आता पोरांना पैशाचं याड लागलंय." मागच्या वर्षी मायनं पदर सावरून त्यांना पहिल्यांदा उत्तर दिलं. "भावजी, तवा अंगात ताप असला तरी जावं लागायचं. त्याला सुख म्हणत्यात का?" मांडवात कुणीच काही बोललं नाही. मी तेवढ्यासाठी कितीतरी वर्षं थांबलो होतो.

आता हेही सांगायला हवं की विहीर-बागायत असून तात्यांची दोन्ही पोरं पाण्याच्या पाळीवरून कोर्टात आहेत आणि एकमेकांच्या दारात जात नाहीत. पैसा असला की घर शांत राहतं असं माझं म्हणणं नाही. समाधान वाईट आहे असंही नाही, आण्णा आज खरंच समाधानी आहेत. पण कर्ज फिटल्यावर झाले, आधी नव्हते. आणि दुसऱ्याला समाधानाचा उपदेश करणाऱ्याची विहीर भरलेली आहे का, ते आधी बघावं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला, तेव्हाही "आणखी किती पाहिजे यांना" म्हणणारे बागायतदारच होते.

गावी जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. राजीनामा टाकण्याआधी भावाकडं एकदा मुक्कामाला जा, पण दिवाळीत नको. दिवाळीत सगळी गावं चांगली दिसतात. मे महिन्यात जा, आठ दिवस राहा, टँकर कधी येतो ते बघा. आणि शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं, दुकानदाराचं मिळून किती देणं आहे ते त्याला वहिनींच्या समोर विचारा, एकट्यात विचारलं तर तो सांगणार नाही.