रक्तातल्या आरएनए तपासणीने आतड्याचा कॅन्सर कळतो म्हणतात, मग कोलोनोस्कोपी टाळू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना ५८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तुम्ही ४१ वर्षांचे आहात, पाठीवर एक बहीण आहे. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं, सांगितली, पण हेल्थ पॅकेजच्या पत्रकात ‘रक्तातल्या आरएनएवरून आतड्याचा कॅन्सर ओळखा’ असं वाचल्यापासून तुमचं मन तिकडे ओढ घेतंय. माझं उत्तर: कोलोनोस्कोपीच करा. मी डॉक्टर नाही. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त काढणं, मशीनमध्ये फिरवून थर वेगळे करणं, मुंबईला पाठवणं हेच माझं काम, म्हणून त्या बाजूने सांगतो.

पत्रकामागचं विज्ञान खोटं नाही, हे आधी सांगायला हवं. आरएनए हा डीएनएसारखाच साखळीचा रेणू, रासायनिक अक्षरांनी बनलेला. आपल्या पेशींमध्ये त्याचे मायक्रोआरएनए नावाचे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे असतात. कोणत्या जनुकाचं काम किती चालू द्यायचं, यावर त्यांचा ताबा असतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात ते सापडले आणि २०२४ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. नुसता आरएनए रक्तात पडला तर तिथली विकरं त्याचा लगेच फडशा पाडतात. हे तुकडे मात्र प्रथिनांना चिकटून किंवा चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत बसून तग धरतात. कॅन्सरच्या पेशीही असे तुकडे बाहेर सोडतात. आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात २१ आणि ९२ए या क्रमांकांचे मायक्रोआरएनए वाढलेले दिसतात, हे कितीतरी अभ्यासांत आलंय.

अडचण पुढे आहे. २१ क्रमांकाचा मायक्रोआरएनए स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड अशा अनेक कॅन्सरमध्ये वाढतो, साध्या दाहातही वाढतो. एकट्या त्याच्यावरून ‘आतडं’ असं बोट ठेवता येत नाही. म्हणून संशोधक पाच-सात तुकड्यांचा संच एकत्र मोजतात. पण एका गटाला लागू पडलेला संच दुसऱ्या गटात तसाच चालेल याची खात्री नसते.

आणि मग येते ती ट्यूब. याबद्दल पत्रकात कधीच काही नसतं. ९२ए हा तुकडा लाल पेशींमध्येही भरपूर असतो. शीर नीट सापडली नाही, सुई बारीक होती, जोरात ओढलं, ट्यूब जास्त हलवली, तर लाल पेशी फुटतात आणि वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पिवळसर न दिसता गुलाबी दिसतो. आम्ही म्हणतो ‘सॅम्पल हिमोलाइज झालं’. अशा नमुन्यात ९२ए वाढलेला दिसला, तर तो गाठीमुळे की माझ्या सुईमुळे? आता एप्रिलची दुपार डोळ्यांसमोर आणा. दिंडोरीहून किंवा सिन्नरहून मुलगा मोटारसायकलवर डबा घेऊन येतो. बर्फाची पिशवी आहे, पण वाटेत चार कलेक्शन सेंटरं झालेली असतात. प्लाझ्मा तासा-दोन तासांत वेगळा करायला हवा, नाहीतर ट्यूबमधल्याच पेशी आपला आरएनए बाहेर सोडत राहतात. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असतं, ते पीसीआरलाच, म्हणजे हे तुकडे मोजायच्या पद्धतीलाच, आडवं येतं. साखर किंवा थायरॉइडच्या तपासणीत एवढी नाजूक गणितं नसतात. आरएनएमध्ये असतात, आणि निकाल छापलेल्या कागदावर यातलं काहीच उमटत नाही.

‘अमेरिकेत तर रक्ततपासणीला मान्यता मिळाली’ असं तुम्हाला कोणी सांगेल. जुलै २०२४ मध्ये मिळाली ती शील्ड नावाच्या तपासणीला. ती रक्तात तरंगणारा डीएनए बघते. त्याच वर्षी मे महिन्यात कोलोसेन्सला मान्यता मिळाली. ती आरएनए बघते खरी, पण शौचाच्या नमुन्यातला. शील्डच्या अभ्यासात कॅन्सर असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८३ जण पकडले गेले, हे चांगलंच आहे. पण कॅन्सर होण्याआधीच्या धोकादायक गाठी १०० पैकी सुमारे १३ च सापडल्या. तुमच्यासाठी खरा आकडा हा दुसरा आहे. आतड्यात आधी छोटा मांसल कोंब येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत तो दिसतो आणि त्याच बैठकीत तारेच्या फासाने काढूनही टाकता येतो. रक्ताची कोणतीही तपासणी पॉलिप काढत नाही, आणि ती पॉझिटिव्ह निघाली तर शेवटी कोलोनोस्कोपीच करावी लागते.

हे मी इतकं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण माझा मोठा भाऊ. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग. वयाच्या ४९ व्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. सगळ्यांनी मूळव्याध म्हटलं, त्यानेही मानलं, आठ महिने मलम लावलं. मला सांगितलं तेव्हा मी त्याचं रक्त घेऊन सीईए, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन, तपासून दिलं. ते मर्यादेत आलं आणि मीच म्हणालो, “दादा, काळजी नको.” सीईए १९६५ पासून माहीत आहे. ते उपचारानंतर लक्ष ठेवायला वापरतात, निदानाला नाही. सुरुवातीच्या अनेक गाठींत ते वाढतच नाही. हे मला पाठ होतं, तरी घरच्या माणसाच्या कागदावर ‘नॉर्मल’ दिसलं आणि मी थांबलो. वहिनींनी हट्ट धरला म्हणून दोन महिन्यांनी दुर्बीण घातली, तेव्हा गुदाशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, दादा आज बागेत उभा आहे. त्यानंतर माझीही कोलोनोस्कोपी झाली, दोन पॉलिप निघाले, तिथेच काढले.

तुमचं गणित असं: आई, वडील किंवा भावंडाला ६० च्या आत हा कॅन्सर झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यात जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करतात आणि साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा. वडिलांचे ५८, म्हणजे ४८. पण ४० आधी येतं, आणि तुम्ही ४१ चे आहात. वडिलांच्या गाठीवर लिंच सिंड्रोमची तपासणी झाली होती का, तेही जुन्या फाइलमध्ये बघा. झाली नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तो आनुवंशिक दोष असेल तर वेळापत्रक बरंच अलीकडे सरकतं.

भीती बहुधा आदल्या रात्रीची असते. पावडर कालवलेलं दोन-तीन लिटर पाणी संपवणं कंटाळवाणं आहे खरं. थंड करून, थोडं थोडं प्या. अर्धं रात्री, अर्धं पहाटे असं सांगितलं तर ते पाळा, पोट जास्त स्वच्छ होतं. तपासणी गुंगीत होते, म्हणून सोबत कोणीतरी लागतं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. रक्त पातळ करणारी किंवा डायबेटिसची गोळी चालू असेल तर आठवडाभर आधीच सांगा.

बहिणीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. तिलाही हेच गणित लागू आहे. चाळिशी आली असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात वेळ घ्या, एकमेकांच्या सोबतीला जाता येईल.