दोन अपरिमेय संख्यांची बेरीज परिमेय येऊ शकते का?

येते की! (परिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येते ती संख्या; अपरिमेय म्हणजे तशी लिहिता येत नाही ती, जिचे दशांश संपतबी नाहीत अन् त्यात आवर्तनबी नाही, जसा √2.) हा प्रश्न बघून गप बसवलं नाही, कारण याच्यावरूनच नववीत माझा एक मार्क गेलाय. तुम्ही लिहिलंय की मुलीच्या क्लासमध्ये "अपरिमेय अधिक अपरिमेय म्हणजे अपरिमेय, परिमेय गुणिले अपरिमेय म्हणजे अपरिमेय" असं पाठ करून घेतलंय, ते कायम खरं का. त्यातलं पहिलं साफ चूक आहे.

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, सहामाहीचा पेपर, "दोन अपरिमेयांची बेरीज अपरिमेयच असते, चूक की बरोबर ते कारणासहित लिहा." मी 'चूक' लिहून खाली (3+√2) + (5−√2) = 8 असं मांडलं. पेपर मिळाला तर त्यावर लाल फुली. सरांकडं गेलो तर म्हणले, "3+√2 ही संख्या कुठंय? ती बेरीज आहे, करायची राहिलेली. एकटा √2 घेऊन दाखव." म्हणलं सर, √2 अन् −√2, बेरीज शून्य. तर म्हणले, "लई शहाणा झालास, जाग्यावर बस." सगळा वर्ग हसला. घरी सांगितलं तर वडील म्हणले, सरांच्या तोंडी लागू नको.

पण 3+√2 ही एकच संख्या आहे हो, संख्यारेषेवर 4 अन् 5 च्या मधी तिची ठरलेली जागा आहे! त्या रात्री भागाकार पद्धतीनं √2 आठ घरं काढून मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही एकाखाली एक लिहिल्या, 4.41421356… अन् 3.58578643…, आता दशांश चिन्हापुढचे आकडे उभे जोडत चला, 4 अन् 5 नऊ, 1 अन् 8 नऊ, 4 अन् 5 नऊ, 2 अन् 7 नऊ, कितीबी पुढं जा नऊच. 7.999… म्हणजे 8 च. आवर्तन दोन्हीतबी नाही, पण एकीत जे कमी ते दुसरी भरून काढते. हे सरांना दाखवायचं राहूनच गेलं.

दोन अपरिमेयांच्या गुणाकाराचंबी तसंच, √2 × √8 = 4 पण √2 × √3 = √6. नियम नाहीच, प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते. पाय (3.14159…) अन् ई (2.71828…) या दोन अपरिमेय संख्यांची बेरीज परिमेय का अपरिमेय हे तर आजवर कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही, अन् क्लासवाले पाठ करून घ्यायलेत.

परिमेय अधिक अपरिमेय मात्र कायम अपरिमेय. उत्तर परिमेय आलं असतं तर त्यातून ती परिमेय वजा केल्यावर परिमेयच उरली असती ना, मग दुसरी अपरिमेय कशी? एवढी एक ओळ पोरांना सांगायला काय जातं.

मुलीला म्हणावं बिनधास्त उदाहरण लिही, अन् मार्क कापला तर पेपर घेऊन तुम्ही स्वतः जा, तिला एकटीला पाठवू नका. माझ्यासोबत त्या दिवशी कुणी मोठं माणूस असतं तर मला असं खाली बसवलं नसतं.

अन् हो, गुणाकाराचा तुमचा दुसरा नियम शून्य सोडून खरा आहे. √2 ला शून्यानं गुणलं की शून्य, अन् शून्य परिमेय. हे न लिहिता मार्क गेला तर मात्र सरांचं बरोबर.