बेसाच्या प्लॉटचे 15 लाख रोख घ्यावेत का?

आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात आणि 2009 मध्ये 6 लाखांना घेतलेला नागपूरच्या बेसा येथील प्लॉट आता 40 लाखांना विकत आहात. रजिस्ट्री 25 लाखांची होणार असून उरलेले 15 लाख खरेदीदार त्याच दिवशी त्याच्या इतवारीतील दुकानातून रोख देणार आहे. ही रक्कम मानेवाड्यातील घरी सुरक्षित कशी न्यावी, भाच्याच्या स्कूटरवरून की ऑटोने, एवढेच आपण पत्रात विचारले आहे.

पाचशेच्या नोटांत 15 लाख म्हणजे 30 गड्ड्या, तीन-साडेतीन किलोंचा ऐवज. तो साध्या थैलीत मावतो, त्यामुळे स्कूटर की ऑटो हा प्रश्न गौण आहे. धोका आहे तो दिवस, वेळ आणि रक्कम आधीच ठाऊक असलेल्या माणसांचा: दलाल, दुकानातील नोकर आणि त्यांनी ज्यांना सहज सांगितले असेल ते सारे. अंगावर घाण टाकून, रस्त्यावर दहा-वीसच्या नोटा पसरून किंवा चाकातली हवा काढून माणसाचे लक्ष क्षणभर वळवायचे आणि डिक्की रिकामी करायची, ही पद्धत जुनीच आहे आणि ती पाळत ठेवल्याशिवाय जमत नाही. घरगुती विम्यात रोकड सहसा धरलेली नसते. शिवाय चोरी झालीच, तर पोलिसांत तक्रार देताना ही रक्कम कुठून आली हे आपल्याला सांगावे लागेल, आणि ते आपण सांगू शकणार नाही. म्हणून माझे उत्तर एकच आहे: ही रक्कम नेऊ नका, कारण ती घ्यायचीच नाही.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास 1 जून 2015 पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, मग ती इसार म्हणून असो वा पूर्ण किंमत म्हणून. मोडल्यास दंड तेवढ्याच रकमेचा, म्हणजे येथे 15 लाखांपर्यंत होऊ शकतो, आणि या तरतुदीखाली तो घेणाऱ्याला होतो. खरेदीदार आपली बेहिशेबी रोकड मोकळी करतो, मुद्रांक शुल्कही वाचवतो, आणि जोखीम मात्र आपल्या माथी येते. ‘सगळे असेच करतात’ असे सांगणाऱ्या दलालाने ही बाब आपल्याला सांगितली नाही, याचा मला मनापासून राग आहे.

हे सारे करून वाचते किती, तेही पाहू. पूर्ण 40 लाख दाखवल्यास नफा 34 लाख, आणि साडेबारा टक्के दराने उपकरासह कर सुमारे साडेचार लाख. 25 लाख दाखवल्यास कर अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे दोन लाखांसाठी आपण 15 लाख पणाला लावत आहात. तो करही कायदेशीर मार्गाने शून्यावर आणता येतो: विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम आरईसी किंवा पीएफसी या वीज क्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्यांसारख्या संस्थांच्या भांडवली नफा करसवलतीच्या रोख्यांत गुंतवावी. मर्यादा 50 लाखांची आहे, आपले 34 लाख त्यात सहज बसतात. पैसे पाच वर्षे अडकतात आणि सव्वापाच टक्क्यांचे व्याज करपात्र असते, म्हणून हे रोखे आकर्षक नाहीत. परंतु साडेचार लाखांचा कर वाचतो हे धरले तर पाच वर्षांसाठी हिशेब वाईट नाही. पेन्शन पुरत असेल तर मी हाच मार्ग घेईन. नियमित पैशांची गरज असेल तर कर भरून उरलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांच्या मर्यादेपर्यंत ठेवावी.

पत्राच्या शेवटी आपण ओघात लिहिले आहे की, ते 15 लाख एका परिचिताकडे दरमहा दोन टक्क्यांनी ठेवणार आहात. वर्षाला 24 टक्के प्रामाणिक व्यवसायातून नियमित देणारा माणूस मी पाहिलेला नाही. जी रक्कम आपल्याकडे कधी होती हेच आपण सिद्ध करू शकत नाही, ती परत मागणार तरी कशी? दरमहा 30 हजारांची ती आशा कृपया सोडून द्या.

इसारापोटी एक लाख रोख घेतल्याचेही आपण लिहिले आहे. ही चूक घडून गेली आहे, ती पुसता येणार नाही. रोख परत करणेही नियमात बसत नाही. ते पैसे आपल्या खात्यात भरा, तेथून खरेदीदाराच्या खात्यात पाठवा, नंतर तोच इसार बँकेतून पुन्हा घ्या, आणि रजिस्ट्रीपूर्वी सर्व कागद सनदी लेखापालाला दाखवा.

उरलेले पैसे आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम एका बँक खात्यातून दुसऱ्यात लगेच पाठवण्याच्या सेवेने घ्या. ही सेवा डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालते, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात बसल्या जागी रक्कम जमा झाल्याचे तपासून मगच सही करा, आणि व्यवहार क्रमांक विक्रीपत्रात लिहून घ्या. खरेदीदार पूर्ण रक्कम खात्यात देण्यास कुरकुर करीत असेल तर भाव 38 लाखांपर्यंत उतरवण्यास हरकत नाही. त्यावरही तो तयार झाला नाही, तर इसार परत करून दुसरा ग्राहक शोधा.