वाचकांचे प्रश्न : एस्पेरांतो का टिकली?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी अनेक कृत्रिम भाषा रचल्या गेल्या, परंतु एस्पेरांतो वगळता इतरांची नावेही फारशी कानावर येत नाहीत. व्याकरण सर्वांत सोपे असल्यामुळे ती टिकली, असे समजावे काय?

उत्तर : सोपेपणाचा वाटा आहेच, तथापि माझ्या मते निर्णायक ठरला तो वेगळा मुद्दा, म्हणजे भाषेत बदल करण्याचा अधिकार कोणाकडे राहिला हा. एस्पेरांतोच्या आधी वोलाप्युक ही भाषा युरोपात गाजली होती. जर्मनीतील कॅथलिक धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी ती रचली आणि 1889 मध्ये पॅरिसला भरलेल्या तिच्या परिषदेचे कामकाजही त्याच भाषेत चालले. तिची रूपे मात्र क्लिष्ट होती आणि इंग्रजीतून घेतलेले शब्द इतके बदललेले होते की, ‘वोल’ म्हणजे ‘वर्ल्ड’ आणि ‘प्युक’ म्हणजे ‘स्पीक’ हे इंग्रजी भाषकालाही सांगावे लागे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स आदी अनुयायांनी सुधारणा सुचवल्या, तेव्हा श्लायर यांनी अंतिम नकाराधिकार आपल्याकडेच असावा असा आग्रह धरला. त्या वादात चळवळ फुटली आणि काही वर्षांतच ओसरली.

एस्पेरांतोचे जनक लुडविक झामेनहोफ हे व्यवसायाने नेत्रवैद्य. रशियन साम्राज्यातील ज्या ब्यालिस्टोकमध्ये ते जन्मले, तेथे यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे समाज परस्परांविषयी संशय बाळगून राहत. ते पाहूनच त्यांच्या मनात समाईक भाषेची कल्पना रुजली. 1887 मध्ये वॉर्सा येथे काढलेल्या पहिल्याच पुस्तिकेत त्यांनी भाषेवरील स्वतःचे सर्व हक्क सोडले. पुढे 1894 मध्ये त्यांनी स्वतःच काही सुधारणा मांडल्या आणि एस्पेरांतोच्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांचे मत घेतले. बहुमत विरोधात गेले, आणि झामेनहोफ यांनी तो कौल मानला. या भाषेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मी हाच मानतो, कारण भाषा निर्मात्याच्या हातून बोलणाऱ्यांच्या हाती गेल्याचे तेथे सिद्ध झाले. 1905 मध्ये फ्रान्समधील बुलोन्य-सुर-मेर येथील पहिल्या जागतिक परिषदेत मूळ व्याकरण आणि शब्दसंग्रह हा अपरिवर्तनीय पाया ठरवण्यात आला. त्यावरची वाढ मात्र वापरणाऱ्यांवर सोपवली गेली.

एस्पेरांतोतच सुधारणा करून रचलेल्या इडो या भाषेचे उदाहरण याची उलट बाजू दाखवते. एस्पेरांतोतील टोपीवाली (वर टोपीसारखे चिन्ह असलेली) अक्षरे आणि कर्माला लावावा लागणारा ‘न’ प्रत्यय यांवरचे आक्षेप दूर करून 1907 मध्ये ती पुढे आली, आणि काही बाबतींत ती खरोखरच अधिक सुबक आहे. पण तिच्यात सुधारणा होतच राहिल्या, आणि तिच्या घडणीत सहभागी असलेले भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1928 मध्ये नोव्हियाल ही आणखी एक भाषा मांडली.

प्रश्न : एस्पेरांतोला तटस्थ म्हणता येईल काय?

उत्तर : राजकीयदृष्ट्या होय, कारण ती कोणत्याही राष्ट्राची नाही. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने नाही. तिचे बहुतेक धातू युरोपीय भाषांतून घेतलेले आहेत. शब्द घडवण्याची तिची रीत मात्र हा भार बराच हलका करते : ‘साना’ म्हणजे निरोगी हे आणि ‘माल’ (विरुद्ध), ‘ऊल’ (व्यक्ती), ‘एय’ (जागा) हे जोड ठाऊक झाले की ‘मालसाना’ म्हणजे आजारी, ‘मालसानूलो’ म्हणजे रुग्ण आणि ‘मालसानूलेयो’ म्हणजे रुग्णालय हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.