मित्र जिवंत असताना लिहिलेलं गाणं

प्रिय पोरा,

व्यसनात अडकलेल्या मित्रावर तू केलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. चाल मला मनापासून आवडली. पहिल्या दोन कडव्यांत तुझा मित्र डोळ्यांसमोर उभा राहतो: उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, उसने घेतलेले पैसे, न उचललेला फोन. तिसऱ्या कडव्यात मात्र तू त्याला सोडून साऱ्या तरुण पिढीला उपदेश करायला लागतोस आणि गाण्यातला जीवच जातो. म्हणून आज एका गाण्याची हकिगत सांगतो.

कॅनडातून अमेरिकेत आलेला गायक-गिटारवादक नील यंग, त्याचं हेरॉईनच्या व्यसनावरचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे गाणं १९७२च्या 'हार्वेस्ट' अल्बममध्ये आहे. त्या अल्बमसाठी नॅशव्हिलचा स्टुडिओ होता, लंडनचा मोठा वाद्यवृंद होता. हे गाणं मात्र ३० जानेवारी १९७१ला लॉस एंजेलिसमधल्या रॉइस हॉलच्या कार्यक्रमात टिपलेलं. एकटा माणूस, एक अकूस्टिक गिटार, जेमतेम दोन मिनिटं. ध्रुवपद नाही, सोलो नाही. खर्जातला स्वर पायरीपायरीने खाली उतरत राहतो आणि त्याच्यावर आवाज जवळजवळ बोलल्यासारखा चालतो. वाजवून बघ. कानाला सोपं वाटतं, बोटांना नाही. शेवटची ओळ संपते, टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांतच पुढचं गाणं घुसतं. श्रोत्याला सावरायला क्षणभरही देत नाहीत.

त्याच महिन्यात टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये हे गाणं म्हणण्याआधी यंग लोकांशी बोलला होता. कॅनडा सोडून अमेरिकेत आल्यावर किती तरी उत्तम वादक पाहिले, आणि त्यातले काही हेरॉईनपायी लोकांपर्यंत कधी पोचलेच नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सगळ्यात जवळचा होता डॅनी व्हिटन, यंगला साथ करणाऱ्या 'क्रेझी हॉर्स' या बँडचा गिटारवादक आणि गायक. यंगच्या 'सिनेमन गर्ल' या गाण्यात त्याच्या जोडीने ऐकू येतो तो त्याचाच आवाज. 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट' हे गाणंही त्याचं. रॉड स्टुअर्टने गायलेलं ते १९७७मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा डॅनीला जाऊन साडेचार वर्षं झाली होती.

आता तारखा नीट बघ. 'हार्वेस्ट' बाजारात आला फेब्रुवारी १९७२मध्ये. डॅनी तेव्हा जिवंत होता. म्हणजे आपल्या मित्राची शोकांतिका लाखो घरांत वाजत होती आणि मित्र अजून झगडत होता. त्या वर्षीच्या शरद ऋतूत यंगने त्याला दौऱ्याच्या तालमींना बोलावून घेतलं. डॅनीला साथ जमेना. शेवटी ५० डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन त्याला लॉस एंजेलिसला परत पाठवलं. १८ नोव्हेंबरला, त्याच रात्री तो गेला. वय २९. दारू आणि व्हॅलियम ही शामक गोळी एकत्र पोटात गेली होती. यंगने पुढे स्वतःच सांगितलं, की या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत असं त्याला वाटत राहिलं. पुढच्याच वर्षी त्यांचा रोडी, म्हणजे दौऱ्यात वाद्यं-सामान सांभाळणारा, ब्रूस बेरी हेरॉईनने गेला आणि त्या दोघांच्या दुःखातून 'टुनाइट्स द नाइट' हा अख्खा अल्बम झाला. त्यात डॅनीचं १९७०मधलं गाणं त्याच्याच आवाजात ठेवलंय.

हे सांगतोय, कारण तू लिहिलंयस, 'हे ऐकून तो नक्की सोडेल.' बाळा, गाण्यावर एवढा भार टाकू नकोस. इतकं चांगलं गाणं होतं, तरी डॅनी वाचला नाही. गाणं तू लिहीच. पण मित्राला उपचारांना नेणं हे वेगळं काम आहे आणि ते आधी कर. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतंय. त्याच्या आईला सोबत घेऊन जा. त्याला टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा शरीराचा त्रास, सुरू झाली, तर घरी कोंडून ठेवू नका. रात्र निघावी म्हणून दारू किंवा झोपेच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

आता तिसरं कडवं. यंगच्या गाण्यात कुणाला दटावणं नाही. आपल्याला हा माणूस प्रिय आहे म्हणून गातोय, एवढं तो सरळ सांगतो. व्यसनाचा थोडा अंश सगळ्यांमध्येच असतो, हेही म्हणतो, म्हणजे स्वतःला वगळत नाही. तुझ्या तिसऱ्या कडव्यात 'तुम्ही' हा शब्द चार वेळा आलाय. ते चारही काढ आणि तिथे तू स्वतः काय पाहिलंस ते लिही. फोनवर सांगितलेला तो प्रसंग, त्याने तुझी जुनी गिटार विकली आणि तरी दुसऱ्या दिवशी तू त्याला जेवायला नेलंस, तो गाण्यात कुठेच नाही. तो आण.

आणि स्टेजवर म्हणण्याआधी त्याला एकट्याला ऐकव. त्याचं नाव ठेवायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.

तुझा,
सर