वाचकांचे प्रश्न : वाड्यापुढची गाडी

प्रश्न : दुमजली दगडी वाडा, मालकांची पांढरी एसयूव्ही आणि घरची माणसं एकाच फोटोत हवी आहेत. 24 मिमी लेन्सने काढलं की वाडा मागे कलतो, गाडीचं नाक फुगतं. काय करू? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही दोषांचं मूळ एकच : तुम्ही फार जवळ उभे आहात. जवळून गाडीचं पुढचं टोक अवाच्या सवा मोठं दिसतं. माळवदाचा कठडा चौकटीत घ्यायला कॅमेरा वर करावा लागतो आणि तिथेच उभ्या रेषा झुकतात. फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) 50 मिमी लेन्स लावा आणि भिंतीपासून 22 मीटर मागे या. लेन्स जमिनीपासून 90 सेंमीवर, म्हणजे बॉनेटच्या आसपास, आणि कॅमेरा पाणसळीत. तिथून भिंतीची सहा मीटर उंची पुरी मावते. खाली अंगण जास्त येईल, ते नंतर कापा. मागे सरकायला जागा नसेल तर टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा सरळ ठेवून जी वर सरकवता येते) भाड्याने आणा. रेषा सरळ होतील, नाक मात्र फुगलेलंच राहील. सॉफ्टवेअरने रेषा ओढल्या तर चाकं अंडाकृती होतात. वाड्यात ते खपून जातं, चाकात नाही.

गाडी भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे, तिरपी लावा. स्टेअरिंग असं फिरवा की पुढच्या चाकाची रिम कॅमेऱ्याकडे येईल. टायरची नक्षी दिसली की गाडी अंगावर आल्यासारखी वाटते.

आता उजेड. भर उन्हात हे काम घेऊच नका. काळ्या बसाल्टवर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, एक्सपोजर (आत येणारा उजेड) वाढवतो आणि फोटोत पांढरा पत्रा जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा दिसतो. सूर्य मावळल्यावर 15व्या मिनिटाला सुरुवात करा. ट्रायपॉड पक्का, फोकस मॅन्युअल, एफ/8. चित्रं वेगवेगळी घेऊन नंतर जोडायची आहेत, म्हणून यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आधी माणसं, कारण ती हलतात : आयएसओ 1600, 1/60 सेकंद, फ्लॅशवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद), म्हणजे चेहरे ढाळजेतल्या (दरवाजालगतच्या बैठकीतल्या) पिवळ्या दिव्यांशी जुळतात. मग वाडा : आयएसओ 100, एक, दोन आणि चार सेकंद. पुरता अंधार पडला की गाडी : 10 सेकंदांचं एक्सपोजर, मीटरभर एलईडी पट्टी बॉनेटवरून संथ, एका वेगाने फिरवा, तोंड लेन्सकडे नको. मध्येच थांबलात तर पत्र्यावर पांढरा डाग उमटतो. बाजू, छप्पर, चाकं अशी सहा-आठ चित्रं घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये लेअर एकावर एक ठेवून लायटन मोडमध्ये (त्यात प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ भागच उरतो) जोडा. हेडलाइट वेगळ्या, एका सेकंदाच्या चित्रात. दहा सेकंद चालू ठेवले तर अंगण पांढरं होतं.

प्रश्न : काळ्या सेदानवर पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) फिरवला तर काच साफ होते, पण दारावरची चमक तशीच राहते. फिल्टर खराब आहे का? (एक वाचक, जालना)

उत्तर : फिल्टर ठीक आहे. काच, बॉनेट आणि दार यांचा कोन वेगवेगळा, त्यामुळे एका फिरवणीत तिन्हींचं प्रतिबिंब जात नाही. कॅमेरा न हलवता तीन चित्रं घ्या, प्रत्येकात एकेक भाग साधा आणि सॉफ्टवेअरमध्ये मास्कने (हवा तेवढाच भाग उघडा ठेवून) जोडा. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवून भरून काढा. मागच्या टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेवर रंगीत ठिपके दिसले तर तिच्यासाठी फिल्टर काढून वेगळं चित्र घ्या.

आणखी एक. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की वाळल्यावर क्षारांचे पांढरे थेंब राहतात आणि काळ्या रंगावर ते प्रत्येक चित्रात दिसतात. शेवटचं पुसणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, मायक्रोफायबरने. धुळीवर कोरडं फडकं कधीच नको; त्याचे बारीक ओरखडे एलईडीखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे उठतात.

प्रश्न : बीबी का मकबरा मागे ठेवून जाहिरातीसाठी गाडी काढता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मकबरा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. आवारात व्यावसायिक चित्रण करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ग्राहकाला तारीख देण्याआधी ती हातात हवी.